जुनी कार्टून्स मुलांना दाखवू की नको?

प्रश्न: आमच्या मराठी मंडळाने दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मुलांसाठी जुन्या कार्टून्सचा कार्यक्रम ठरवला आहे. मुलं पाच ते सोळा वयाची. शाळेतले मित्रमैत्रिणीही येतील, त्यांत काही कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन घरांतले आहेत. मी यादी ग्रुपवर टाकली तर एक पालक म्हणाले, यात वर्णद्वेष भरलाय, रद्द करा. दुसरे म्हणाले, आपण हेच बघून मोठे झालो, काय बिघडलं? काय दाखवू, काय गाळू, आणि मुलांनी विचारलंच तर काय सांगू?
— एक स्वयंसेविका, न्यू जर्सी

उत्तर:

नमस्कार ताई,

कार्यक्रम रद्द करू नका. यादी मात्र नव्याने करा, आणि ती नावांवरून न करता एकेक कार्टून स्वतः शेवटपर्यंत बघून करा. सरसकट 'चालेल' म्हणणारे आणि सरसकट 'नको' म्हणणारे, दोघेही शेकडो सुट्या कार्टून्सना एकच वस्तू समजताहेत. हॅना आणि बार्बेरा या जोडीने १९४० ते १९५८ या काळात एमजीएम स्टुडिओसाठी 'टॉम अँड जेरी'ची ११४ कार्टून्स केली. त्यांतल्या बऱ्याच कार्टून्समध्ये गैर काही नाही. काहींत पाच-सात सेकंदांचा प्रसंग खटकतो. मोजक्या कार्टून्समध्ये मात्र मुख्य हशाच माणसाच्या वर्णावर बेतलेला आहे. हे तीन ढीग वेगळे काढायचे आहेत.

त्यासाठी एक कसोटी वापरा. मुलं जिथे हसतील असं वाटतं तिथे कार्टून थांबवा आणि बघा, या पात्राचा रंग, नाक किंवा बोलण्याची ढब बाजूला काढली तर गंमत उरते का? 'द कॅट कॉन्चर्टो'मध्ये (१९४७) टॉम मोठ्या ऐटीत फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची रचना पियानोवर वाजवतो आणि आत झोपलेला जेरी त्याला छळतो. इथे गंमत पूर्ण उरते. 'माउस क्लीनिंग' (१९४८) घ्या. घर स्वच्छ ठेव अशी टॉमला ताकीद मिळते आणि जेरी घाण करत सुटतो. सहा मिनिटं हे फार सुरेख चालतं. शेवटी घरात कोळशाचा ढीग येऊन पडतो, त्यातून टॉम काळाठिक्कर होऊन बाहेर येतो आणि 'मठ्ठ, आळशी काळा नोकर' या त्या काळच्या ठरावीक सोंगाच्या सुरात बोलतो. शेवटचा हशा फक्त त्या सोंगावर आहे. 'कॅसानोव्हा कॅट'मध्ये (१९५१) टॉम जेरीच्या तोंडावर सिगारचा धूर सोडून त्याला काळा करतो आणि नाचायला लावतो. 'हिज माउस फ्रायडे'मध्ये (१९५१) जेरी नरभक्षक आदिवासी बनून टॉमला घाबरवतो. ही तिन्ही लहान मुलांच्या यादीत नकोत.

टॉमच्या तोंडाजवळ फटाका फुटतो आणि तोंड काळवंडतं, हा प्रसंग बऱ्याच कार्टून्समध्ये येतो. नुसती काजळी असेल तर सोडून द्या. पण ओठ जाड पांढरे आणि डोळे बटाट्यासारखे झाले, केसांच्या जागी छोट्या वेण्या उभ्या राहिल्या, तर तो निव्वळ स्फोट राहत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गोरे नट जळलेल्या बुचाची काजळी फासून, ओठ रंगवून कृष्णवर्णीयांची टर उडवणारे खेळ करत. लोक पैसे देऊन ते बघायला जात. कार्टून्सनी तो मुखवटा तिथून आयता उचलला. वॉर्नर स्टुडिओच्या लूनी ट्यून्स मालिकेचा १९३० मधला पहिला नायक बॉस्को त्याच साच्यातला होता. मिकी माउसच्या हातात १९२९ पासून जे पांढरे हातमोजे आले, त्यांचं नातंही अभ्यासक या खेळांशी जोडतात. अर्थात, कृष्णधवल चित्रात काळ्या अंगावर काळे हात दिसत नाहीत ही साधी अडचणही त्यामागे होती.

'आपण बघून मोठे झालो' म्हणणाऱ्या पालकांना उत्तर इथेच आहे. नागपुरात किंवा ठाण्यात कार्टून बघणाऱ्या मुलाला तो मुखवटा ओळखीचा नव्हता, म्हणून तो बोचला नाही. शेजारी बसणाऱ्या कृष्णवर्णीय मुलीच्या आजीने तो खरा पाहिलेला असू शकतो. शिवाय 'आमच्यावर काही परिणाम झाला नाही' हे आपण जरा जपूनच म्हणावं. लग्नाच्या जाहिरातींतला 'गोरी' अजून गेलेला नाही.

आता 'टॉम अँड जेरी'च्या घरातल्या बाईंबद्दल, कारण मुलं हटकून विचारतात. चेहरा दिसत नाही, फक्त पाय, ॲप्रन आणि दणदणीत आवाज. आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा, आणि पडद्यावर तिचं नाव कुठेही नाही. जाडजूड, खेकसणारी काळी मोलकरीण हा त्या काळच्या सिनेमातला घासून गुळगुळीत झालेला साचा होता, त्यामुळे आक्षेप रास्त आहे. पण 'सॅटर्डे ईव्हिनिंग पुस'मध्ये (१९५०) तीच बाई नटूनथटून पत्ते खेळायला बाहेर पडते आणि घर तिचंच असावं असं वाटतं. याच कार्टूनमध्ये धावताना तिचा चेहरा क्षणभर दिसतो. साठच्या दशकात टीव्हीसाठी काही कार्टून्समध्ये तिच्या जागी गोरी बाई नव्याने चितारून बसवली आणि जून फोरेचा आवाज दिला. नंतर नव्वदच्या दशकात जुनी चित्रं ठेवून थिआ व्हिडालच्या आवाजात नवे संवाद भरले. म्हणजे एकाच कार्टूनच्या तीन प्रती बाजारात फिरतात. आमचं मत विचाराल तर गोरी बाई बसवलेली प्रत सगळ्यांत वाईट. आक्षेप साच्याला होता, आणि काढून टाकलं ते त्या काळच्या कार्टून्समधल्या मोजक्या कृष्णवर्णीय स्त्रीपात्रांपैकी एक. मोठ्या मुलांसाठी मूळ आवाजाची प्रत लावा आणि रँडॉल्फचं नाव आवर्जून सांगा.

कोणती प्रत हातात आहे हे कसं ओळखायचं? घड्याळ लावा. या काळातली बहुतेक कार्टून्स सात-आठ मिनिटांची. साडेपाच-सहा मिनिटांत संपलं तर कात्री लागल्याची शंका घ्या. दुसरी खूण कानाला कळते. एमजीएमचे स्कॉट ब्रॅडली आणि वॉर्नरचे कार्ल स्टॉलिंग पावलापावलाला संगीत बसवत, त्यामुळे मधले चार सेकंद उडवले की सूर तुटतो, ठेका अडखळतो. चित्राकडे न बघता एकदा नुसतं ऐका, कापलेली जागा सापडते. तिसरी गोष्ट साल. वॉर्नरने जुनी कार्टून्स 'ब्लू रिबन' नावाने पुन्हा प्रदर्शित करताना मूळ नामावली काढून टाकली, त्यामुळे पाटीवरचं साल आणि नावं यांवर विसंबू नका.

कापलेली प्रत लावावी का? पाच-सहा वर्षांच्या मुलांपुढे ती लावण्याऐवजी दुसरं कार्टून निवडा, चांगल्यांचा तुटवडा नाही. मोठ्यांपुढे कापलेली प्रत लावली तर चर्चा कशावर करणार? डिस्नेच्या 'थ्री लिटल पिग्ज'मध्ये (१९३३) लांडगा विटांच्या घराशी मोठं नाक, दाढी आणि यहुदी उच्चार असलेला फेरीवाला बनून येतो. १९४८ मध्ये तो प्रसंग नव्याने काढला आणि लांडग्याला ब्रश विकणारा साधा विक्रेता केलं. आज सहसा हीच प्रत दिसते. बदल चांगला झाला, हशाही कमी झाला नाही. म्हणजे ते नाक तिथे लागतच नव्हतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे उदाहरण चटकन पटतं.

वॉर्नरच्या बाबतीत एक पक्की यादी आधीपासून आहे. १९६८ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीने त्यांच्याकडे असलेल्या वॉर्नर कार्टून्सपैकी अकरा टीव्हीवरून कायमची मागे घेतली, कारण कापून सावरण्याजोगं त्यांत काही नव्हतं. दिग्दर्शक बॉब क्लॅम्पेटचं 'कोल ब्लॅक अँड डी सेबेन ड्वार्फ्स' (१९४३) त्यांतलंच. त्याची गोम अशी की त्यात कृष्णवर्णीय कलाकारांचे आवाज आहेत, जॅझ अफलातून आहे, चित्रांची गती आजही थक्क करते, आणि चेहरे मात्र त्याच जुन्या मुखवट्यांचे आहेत. ॲनिमेशन शिकणाऱ्याने ते बघावं. मंडळाच्या सभागृहात नको.

सगळ्यांत मोठा धोका फुकट मिळणाऱ्या संचांत आहे. हक्कांचं नूतनीकरण न झाल्याने काही जुनी कार्टून्स सर्वांसाठी खुली झाली आणि स्वस्त डीव्हीडी, इंटरनेटवरचे तासाभराचे जोडसंच यांत कोणीही न तपासता घातली गेली. त्या अकरांपैकी 'ऑल धिस अँड रॅबिट स्ट्यू' (१९४१) असंच खुलं आहे. 'फ्रेश हेअर' (१९४२) हे तर नमुनेदार: बर्फातला पाठलाग, बग्ज बनीची खोडसाळ उत्तरं, सगळं निर्धोक. शेवटी गोळ्या घालण्यापूर्वी त्याला अखेरची इच्छा विचारतात आणि पडद्यावर एकदम काळं फासलेल्या तोंडांची नाचगाण्याची पार्टी उभी राहते. पहिली दोन मिनिटं बघून यादीत टाकणारा इथे फसतो. इंटरनेटवरून लावत असाल तर 'पुढचं आपोआप सुरू' ही सोय बंद करायला विसरू नका.

वॉर्नरच्या स्पीडी गोन्झालेस या मेक्सिकन उंदराबद्दल ग्रुपवर नक्की वाद होईल. १९५५ चं 'स्पीडी गोन्झालेस' ऑस्कर मिळवलेलं. सरहद्दीच्या कुंपणापलीकडे चीजचा कारखाना, अलीकडे उपाशी मेक्सिकन उंदीर, मध्ये पहारेकरी सिल्व्हेस्टर मांजर. स्पीडी चपळ आहे, हुशार आहे आणि दरवेळी जिंकतो. अमेरिकेतल्या कार्टून नेटवर्कने १९९९ च्या सुमारास त्याला बाजूला ठेवलं, तर अमेरिकेतल्या लॅटिन नागरिकांच्या एका जुन्या मोठ्या संघटनेनेच तो आमचा नायक आहे म्हणून परत मागितला, आणि २००२ मध्ये तो परतला. आमची कसोटी लावा. स्पीडीची गंमत वेगावर आहे, ती टिकते. त्याच्या आजूबाजूचे उंदीर सुस्त आणि बावळट दाखवलेत, ती गंमत 'मेक्सिकन म्हणजे आळशी' या समजावर आहे, ती टिकत नाही. शिवाय स्पीडी सगळ्यांच्या बहिणींचा 'मित्र' असल्याचा विनोद आहे. लहानांना कळत नाही, तेरा वर्षांच्यांना लगेच कळतो. हे मोठ्यांच्या सत्रात लावा, पण त्याआधी त्या मेक्सिकन मुलांच्या घरी एक फोन करून 'दाखवू का?' असं विचारा. नाही म्हणाले तर लावू नका, कारणं मागू नका.

पडद्यामागे कोण होतं हेही मुलांना सांगण्यासारखं आहे. वॉर्नरमध्ये पडद्यावर आवाजाचं श्रेय अनेक वर्षं एकट्या मेल ब्लँकला मिळे. मेक्सिकन उंदीर, फ्रेंच स्कंक, सगळे तोच. स्टुडिओंमध्ये बायका प्रामुख्याने शाई आणि रंगाच्या खात्यात बसत. फ्लायशर स्टुडिओत १९३३ मध्ये लिलियन फ्रीडमन ॲनिमेटर झाली, ती अपवाद. आणि वॉर्नरच्या पोर्की पिग या डुकराचं तोतरेपण खरं होतं. १९३५ मध्ये त्याला आवाज देणारा जो डॉहर्टी प्रत्यक्षात तोतरा बोलायचा. अडखळणं त्याच्या हातात नव्हतं, ध्वनिमुद्रणाला वेळ आणि फिल्म भरमसाट लागे, म्हणून १९३७ मध्ये त्याला काढून ब्लँकला घेतलं. मग ब्लँकने तेच तोतरेपण ठेक्यात बसवून विनोद केला. वर्गात कोणी अडखळत बोलणारं असेल तर पोर्की निवडण्याआधी याचा विचार करा.

म्हणूनच लहानांच्या यादीत 'जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग' (१९५०) हवंच. यूपीए स्टुडिओचं, ऑस्कर मिळालेलं, सात मिनिटांचं. जेराल्डच्या तोंडून शब्दांऐवजी आवाज निघतात. शाळा त्याला घरी पाठवते, मुलं खेळायला घेत नाहीत, आणि शेवटी रेडिओवाल्यांना नेमका तोच हवा असतो. हसू येतं ते आवाजांचं आणि मोठ्यांच्या तारांबळीचं. शेवटाबद्दल एक तक्रार मात्र आहे: वेगळं मूल कामाचं निघालं तरच आपलंसं होतं. हे मुलांपुढे बोलू नका, मोठ्यांच्या सत्रात एखादी मुलगी स्वतःहून म्हणेल.

लहानांचं सत्र, पाच ते दहा वर्षं, पाच कार्टून्स, जेमतेम पस्तीस मिनिटं. सुरुवात 'फास्ट अँड फरी-अस'ने (१९४९), रोडरनरचं पहिलं. संवाद नाहीत, त्यामुळे भारतातून नुकत्याच आलेल्या मुलांनाही सोपं. मग 'द कॅट कॉन्चर्टो', मग 'जेराल्ड', मग 'डक अमक' (१९५३), ज्यात अदृश्य चित्रकार डॅफी बदकाचा छळ करतो. शेवटी 'वन फ्रॉगी ईव्हिनिंग' (१९५५). पाचपेक्षा जास्त लावू नका. सहाव्याला लहान मुलं सभागृहभर पळायला लागतात.

मोठ्यांचं सत्र, अकरा ते सोळा, वेगळ्या खोलीत, चर्चेसह तासभर. पहिलं फ्लायशरचं 'मिनी द मूचर' (१९३२). कृष्णवर्णीय जॅझ गायक कॅब कॅलोवे आणि त्याचा बँड सुरुवातीला प्रत्यक्ष दिसतात. नंतर त्याच्या नाचाच्या चित्रफितीवरून चौकट-चौकट रेखाटलेला वॉलरस भूत बनून नाचतो. कृष्णवर्णीय कलाकाराची चालच पडद्यावर आली आहे, मुखवटा नाही. पण ती चाल गुहेतल्या भुताला दिलीय, यावरही बोलता येईल. तुमच्या मुलांसाठी यात आणखी गंमत आहे: नायिका बेटी बूप घरातून पळते कारण परदेशातून आलेले, वेगळ्या उच्चाराचे आईबाप तिला त्यांच्याकडचं जेवण जबरदस्तीने खायला लावतात. खोली हसून फुटेल. गाण्यात अमली पदार्थांचे उल्लेख आहेत, ते पालकांना आधी कळवा. मग 'स्पीडी', परवानगी मिळाली तर. शेवटी जॉन आणि फेथ हबली यांचं 'द होल' (१९६२). न्यू यॉर्कच्या रस्त्याखाली खड्ड्यात काम करणारे दोन मजूर, एक काळा, एक गोरा, अपघात आणि अणुबॉम्ब यांवर गप्पा मारतात. आवाज जॅझ वादक डिझी गिलेस्पी आणि अभिनेता जॉर्ज मॅथ्यूज यांचे, संवाद बरेचसे त्यांनी आयत्या वेळी रचलेले. पंधरा मिनिटांचं आहे, आणि यात काळा माणूस विनोदाचा विषय नसून विनोद करणारा आहे. संथ वाटेल, तरी अर्ध्यात बंद करू नका.

आधी काय बोलायचं? मिनिटभर, आणि साध्या शब्दांत. लहानांना काहीच सांगायची गरज नाही. मोठ्यांना एवढं पुरे: "ही कार्टून्स साठ-नव्वद वर्षांपूर्वीची आहेत. यात काही माणसांची टर उडवली आहे. ती तेव्हाही चूक होती. कुणाला बघवलं नाही तर बाहेर जाऊन बसायची मोकळीक आहे." 'तेव्हाचा काळच तसा होता' हे वाक्य टाळा. तेव्हाही लोक बोलत होते: निर्माता वॉल्टर लँट्झचं १९४१ चं एक कार्टून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने निषेध केल्यावर १९४९ मध्ये युनिव्हर्सलने मागे घेतलं. वॉर्नरने पुढे डीव्हीडी संचांवर जी पाटी घातली, तिचाही आशय हाच की हे पूर्वग्रह तेव्हाही चूक होते आणि आजही आहेत, पण लपवले तर ते कधी नव्हतेच असं म्हटल्यासारखं होईल.

नंतरच्या चर्चेत 'हे वर्णद्वेषी आहे का?' असं विचारू नका. सगळे शहाण्यासारखे 'हो' म्हणतील आणि चर्चा संपेल. 'तू नेमका कुठे हसलास?' असं विचारा. मग 'तिथे दुसरा कुठला विनोद चालला असता?' कागद-पेन्सिल द्या आणि तो प्रसंग चार चौकटींत नव्याने काढायला सांगा. खोलीतल्या एकुलत्या कृष्णवर्णीय मुलाकडे मत विचारायला वळू नका. तो आपणहून बोलला तर ऐका.

शेवटचं काम कागदपत्रांचं. घरची डीव्हीडी किंवा स्ट्रीमिंगचं सदस्यत्व घरी बघण्यापुरतं असतं. सभागृहात, तिकीट नसलं तरी, सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना लागतो. तुमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाकडे असा परवाना असेल तर कार्यक्रम तिथेच घ्या, पडदाही मिळेल. तिथे विचारताना नेमकी कोणती कार्टून्स, कुठल्या स्टुडिओची, ही यादी हातात असू द्या. सगळे स्टुडिओ एकाच परवान्यात येत नाहीत. ग्रुपवर अंतिम यादी टाकाल तेव्हा प्रत्येक नावापुढे साल, मिनिटं आणि 'का निवडलं' हे एका ओळीत लिहा. त्या दोघा पालकांना मोठ्यांच्या सत्रात बसायला बोलवा, मागच्या रांगेत.